तेजीच्या बाजारात अंकुशी रुपयावर लावलेली बोली

नाण्यांच्या लिलावाचा कॅटलॉग हातात आला तेव्हाच कळलं की या वेळी छापलेल्या एस्टिमेटला, म्हणजे लिलावघराने लिहिलेल्या अंदाजे किमतीला, फारसा अर्थ नाहीये. कारण साधं आहे, विकणाऱ्यांकडून नाणी गोळा होणार, त्यांचे फोटो निघणार, लॉट नंबर पडणार (लॉट म्हणजे बोलीला ठेवलेली एक वस्तू), मग ते छापून पोस्टाने येणार, यात दोन-तीन महिने आरामात जातात, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ज्याने कोणी "१२,००० ते १५,०००" असं लिहिलं असेल त्याला कुठे माहीत होतं की दिवाळीपर्यंत चांदी किलोला दीड लाखाच्या वर जाऊन बसेल. सोन्याने तर एप्रिलमध्येच तोळ्याला लाखाचा आकडा गाठला होता. आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी भावाचा स्क्रीनशॉट टाकायचा आणि खाली लिहायचा, मी तेव्हाच सांगत होतो. सांगत कोणीच नव्हतं, पण असो.

मी मराठा नाणी जमवतो, जास्त करून पेशवाईतले चांदीचे रुपये आणि जमतील तशा शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. पगारी माणूस आहे, त्यामुळे या नादाला वर्षाचं एक बजेट ठरलेलं आहे आणि ते बायकोला माहीत आहे (निम्मं तरी).

आधी धातूचं प्रकरण सांगून टाकतो, कारण नवीन माणसाला वाटतं चांदी वाढली म्हणजे सगळीच नाणी वाढली. तसं नसतं. राणीछाप किंवा जॉर्जचा साधा रुपया घ्या, वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी झाली साधारण १०.६९ ग्रॅम. दीड लाखाच्या भावाने नुसत्या चांदीचेच सोळाशे रुपये होतात, वर नाणं म्हणून काही मिळेल ते वेगळं. १९४० पासून रुपयात चांदी अर्धीच राहिली आणि १९४७ चा वाघवाला रुपया तर निव्वळ निकेलचा, पण हे माहीत नसलेली मंडळी तेजीत तेही चांदीच्याच हिशोबाने घेत होती. सराफाकडे लोक गुळगुळीत झालेले रुपये मूठमूठ मोडीत घालत होते. त्यामुळे साध्या रुपयाला एक तळ मिळाला, त्याच्या खाली तो जात नाही, आणि खूप लोक "गुंतवणूक" म्हणून तेच उचलायला लागले.

शिवराईचं गणित उलटं. तांब्याचं नाणं, मोडीत घातलं तर दहा-बारा रुपये कसेबसे यायचे. तिथे जी काही तेजी आहे ती सगळी माणसांच्या मनातली. जून २०२४ मध्ये राज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली, त्याच्या आधीपासूनच मराठा नाण्यांकडे नवीन लोक वळायला लागले होते, आयटीतली पोरं, बिल्डर, एक-दोन डॉक्टर, आणि प्रत्येकाला पहिलं नाणं शिवराईच पाहिजे. एका बाजूला तीन ओळीत श्री, राजा, शिव आणि मागे दोन ओळीत छत्र, पति. कोणाला नको असेल? पण शिवराई हे काही दुर्मिळ नाणं नाही हे कोणी सांगत नाही. महाराजांच्या नंतरही ती पुढे कितीतरी वर्षं पाडली जात होती, पेशवाईतल्या दुदांडी नावाच्या शिवराया आहेत, त्या तर ढिगाने आहेत. दुर्मिळ असते ती सुरुवातीची, जाड, अक्षरं नीट बसलेली, कडेच्या टिंबांचं वर्तुळ शाबूत असलेली. त्या दोन्हींचा भाव एकच कसा असेल? पण तेजीत तोच तर खेळ होतो, पुढे सांगतो.

माझा डोळा होता तो एका अंकुशी रुपयावर. हा पुण्याच्या टांकसाळीचा. वर फारसीत दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं नाव, मागे जुलूस (बादशहाच्या कारकिर्दीचं साल) वगैरे नेहमीचा मजकूर आणि "जर्ब मुहियाबाद पूना", म्हणजे मुहियाबाद पुण्यात पाडलेलं, आणि त्यात एक छोटासा हत्तीचा अंकुश, त्यावरून अंकुशी. मुहियाबाद हे औरंगजेबाने पुण्याला दिलेलं नाव, आणि गंमत बघा, पेशव्यांनी आपल्या राजधानीच्या नाण्यावर तेच चालू ठेवलं. लोक यावर भांडतात की बादशहाचं नाव का, वगैरे. अहो, नाणं चालतं ते सराफाच्या आणि शेतकऱ्याच्या विश्वासावर. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत लोकांना जो मजकूर ओळखीचा तो ठेवला, वजन आणि चांदी आपली ठेवली. १६७४ ला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांच्या मागण्यांमध्ये एक मागणी होती की आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं, त्यावर महाराजांचं म्हणणं साधारण असं होतं की कलम घालायची गरज नाही, कोणाचं नाणं मी बंद केलेलं नाही पण रयतेला तोट्यातलं नाणं घ्यायची जबरदस्तीही करणार नाही, तुमचं नाणं कसाला आणि वजनाला चांगलं असेल तर चालेलच. मला हे उत्तर फार आवडतं, आजच्या लिलावातही लागू पडतं.

तर अंकुशीतली अडचण अशी की ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. कारागीर चकती खाली ठेवून वरून घण घालणार, त्यात ठशाचा जेवढा भाग चकतीवर पडला तेवढा मजकूर उमटला, बाकी हवेत. त्यामुळे बहुतेक रुपयांवर अंकुश दिसतो तर टांकसाळीचं नाव अर्धं गेलेलं असतं, नाव असेल तर साल नसतं. मुहियाबाद आणि पूना दोन्ही पूर्ण, अंकुश मधोमध आणि वर सालाचे आकडे वाचता येतात असं नाणं मी इतक्या वर्षांत प्रत्यक्ष हातात फार कमी वेळा घेतलंय. कॅटलॉगच्या फोटोत ते तसं दिसत होतं. दिसत होतं एवढंच, फोटोवर माझा विश्वास नाही.

म्हणून बघायच्या दिवशी मुंबई गाठली. डेक्कन क्वीनने सव्वासातला निघालं की साडेदहाच्या आत सीएसएमटीला, तिथून चालत जायच्या अंतरावर हॉल. हा बघायचा दिवस म्हणजे लिलावातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस आणि तेजीत नेमका तोच लोक टाळतात, घरी बसून मोबाईलवर फोटो झूम करतात. टेबलावर दिवा, समोर मखमली ट्रे, तुम्ही लॉट नंबर सांगायचा, माणूस पाकिटातून नाणं काढून ट्रेवर ठेवणार आणि तुमच्या हाताकडे बघत उभा राहणार. नाणं धरायचं फक्त कडेने, अंगठा चेहऱ्यावर पडला तर तो माणूस खाकरतो.

माझ्याकडे दहापट भिंग आणि खिशातला छोटा वजनकाटा असतो. आधी वजन. अंकुशी अकरा ग्रॅमच्या थोडं पुढे यायला पाहिजे, हा आला ११.२ च्या आसपास, ठीक. मग कड. नाणी ओतून केलेली खोटी असतील तर कडेला शिवण दिसते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल येतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षराच्या भिंती उभ्या असतात आणि चकतीच्या कडेला घणाने फाकलेल्या बारीक चिरा असतात. इथे चिरा होत्या, दोन, चांगल्या नैसर्गिक. मग बघायचं कडी. आपल्याकडे रुपया गळ्यात घालायची पद्धत, त्यामुळे कितीतरी चांगल्या रुपयांना वर कडी डाखलेली असायची, मग विकताना कोणीतरी ती काढून जागा भरून घासून टाकतो. दिव्याखाली तिरकं धरलं की ती जागा जरा वेगळ्या रंगाची दिसते. इथे नव्हती. एक सराफी ठसा होता, म्हणजे जुन्या काळी सराफाने चांदी खरी का ते बघायला छिन्नीने मारलेली बारीक खूण, पण ती बादशहाच्या नावाच्या बाजूला, टांकसाळीच्या बाजूला नाही. अशा खुणेने परदेशी लोक नाक मुरडतात, मला उलट बरं वाटतं, हे नाणं कोणाच्या तरी हातून बाजारात फिरलंय.

आणि शेवटी रंग. चांदीला शंभर-दोनशे वर्षांत जी काळपट, कुठे निळसर झाक येते ती होती, अक्षरांच्या खोबणीत गडद आणि वरती फिकी. फोटोत हीच जागा डागाळल्यासारखी दिसत होती, म्हणजे ज्यांनी फक्त फोटो बघितला त्यांना हे नाणं घाणेरडं वाटणार. माझ्यासाठी चांगली बातमी. आपल्या लोकांना चकचकीत पाहिजे असतं, चिंच, राख, पितांबरी, जे मिळेल त्याने घासायचं, आणि भिंगाखाली बघितलं की सगळ्या अंगावर केसासारखे चरे. असं घासलेलं नाणं कितीही पांढरंशुभ्र असलं तरी मी हात लावत नाही.

शेजारी आमचा नाशिकचा मित्र नहपान या क्षत्रप राजाची चांदीची नाणी बघत बसला होता. त्याचा वेगळाच विषय. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये जो साठा सापडला त्यात तेरा हजारांहून जास्त नाणी होती, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का परत मारलेला. म्हणजे हरलेल्या राजाचा चेहरा खाली आणि जिंकलेल्याचा चैत्य आणि उज्जैनचं चिन्ह त्याच्यावर. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू, एवढा मोठा इतिहास, आणि तरी परवडते, का तर साठाच एवढा मोठा निघाला. मित्राचं म्हणणं, जुनं म्हणजे महाग हे ज्याच्या डोक्यातून निघालं तोच संग्राहक. तो तिकडे एक एक नाणं बघून वहीत खुणा करत होता, नहपानाचं नाक किती शिल्लक आहे यावर त्याची बोली ठरते.

आता पैशाचं. लिलावात घासाघीस नसते पण छुपा खर्च असतो. हातोडा पडतो तो आकडा वेगळा आणि तुमच्या खात्यातून जातो तो वेगळा. वर लिलावघराचं कमिशन, त्यावर जीएसटी, नाण्यावर जीएसटी, कुरियरने मागवलं तर विमा. मी डोकं न लावता हातोड्यावर पाव हिस्सा वाढवून धरतो, थोडं जास्तच धरलं जातं पण मग घरी येऊन धक्का बसत नाही. या रुपयासाठी सगळं मिळून ४०,००० ची तयारी होती, म्हणजे हातोडा ३२,००० पर्यंत. छापलेल्या १२,००० ते १५,००० या एस्टिमेटच्या दुपटीहून जास्त. वेडेपणा वाटेल, पण शांत बाजारातही असं नाणं एस्टिमेटला सुटलं नसतं, आणि माझा हिशोब एस्टिमेटवर नव्हताच. मागच्या काही वर्षांत अर्धवट नाव असलेले अंकुशी कुठल्या भावाने गेले ते वहीत लिहून ठेवलेत, त्यावरून पूर्ण नावाच्या नाण्याला किती जास्त द्यायचे ते मी आधीच ठरवलं होतं. आकडा कागदावर लिहून कॅटलॉगच्या त्याच पानात ठेवला. नोंदणीला पॅन, आधार, फोन नंबर दिला, हातात नंबरची पाटी मिळाली.

घरून ऑनलाइन बोली लावता येते, फोनवर येते, आधीच आकडा लिहून देता येतो, त्याला पुस्तकातली बोली म्हणतात. पण मी हॉलमध्ये जातोच. मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे कोण कशावर पाटी उचलतोय ते दिसतं. व्यापारी पाटी उचलतच नाहीत, पेन जरा वर करतात किंवा लिलावकर्त्याकडे बघून मान हलवतात. एक जण एका वेळी चार-पाच गिऱ्हाइकांसाठी बोलत असतो.

पहिला तास ब्रिटिश इंडियाचा आणि तिथेच हवा कळली. १९११ चा रुपया आला, तो डुकराचा म्हणतात तो, जॉर्ज पाचव्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला म्हणून बोंब झाली आणि सरकारने तो मागे घेतला, पुढच्या वर्षी हत्ती सुधारून काढला. बरेचसे वितळवले गेले तरी लाखांनी बाहेर पडलेच होते, त्यामुळे दुर्मिळ वगैरे नाहीये, पण गोष्ट चांगली आहे ना, मग गोष्टीचे पैसे. त्यात हा अमेरिकेहून ग्रेडिंग करून, म्हणजे दर्जा तपासून आकडा घेऊन, आलेला, प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, वर सत्तरपैकी आकडा छापलेला. डबी आली की नवीन माणूस भिंग खिशात ठेवतो आणि आकड्यावर बोली लावतो. एका आकड्याच्या फरकाने किंमत दुप्पट झालेली बघितली मी. नंतर १९३९ चा रुपया आला, तो मात्र खरंच दुर्मिळ, १९३८ च्या आठाचा नऊ करून फसवायचे उद्योग त्याच्यावर इतके झालेत की डबीशिवाय आता कोणी घेत नाही आणि ते बरोबरच आहे.

मग मराठा सुरू झालं आणि हॉल भरला. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते खरं इथे घडलं. एक शिवराई आली, झिजलेली, श्री जवळजवळ गेलेला, राजा मधलं जा अर्धं, मागे पति नीट पण छत्र कापलेलं. एस्टिमेट १,५०० ते २,०००. बोली सुरू झाली आठशेला आणि दोन जण भिडले, एक हॉलमधला तरुण, शेजारी बायको आणि लहान पोरगी घेऊन आलेला, आणि एक ऑनलाइन. पाच हजार, सहा, सात, लिलावकर्त्याला श्वास घ्यायलाही वेळ नाही, आणि ९,५०० ला हातोडा. तरुणाला मिळाली, पोरीने टाळ्या वाजवल्या, हॉल हसला. त्याच्यानंतर दोनच लॉटने पुढे एक सुरुवातीची शिवराई आली, जाड, तिन्ही ओळी पूर्ण, टिंबांचं वर्तुळ पाऊण तरी शाबूत, तांब्यावर चॉकलेटी झाक, म्हणजे बघत राहावी अशी. एस्टिमेट १०,००० ते १२,०००. ती गेली २१,००० ला. म्हणजे झिजलेली एस्टिमेटच्या जवळपास पाचपट आणि उत्तम नाणं दुप्पटसुद्धा नाही.

माझ्या शेजारी आमच्या ग्रुपमधले काका बसले होते, पस्तीस वर्षांपासून जमवतात. ते कानाशी म्हणाले, "बघ, पाणी चढलं की सगळ्याच होड्या वर येतात, पण फुटकी होडी जास्त वर आल्यासारखी दिसते." मी म्हटलं काका, २१,००० ला तुम्ही हात का नाही वर केला? तर म्हणाले, माझ्याकडे याच्यापेक्षा बरी आहे. बरोबर आहे.

पण मुद्दा पक्का होता आणि त्या दिवशी मी तो लॉटमागून लॉट बघत होतो. तेजीत नवीन पैसा येतो तो खालच्या पायरीवर येतो, कारण नवीन माणसाची तयारी पाच-दहा हजारांची असते आणि त्याला फक्त नाव पाहिजे असतं, दर्जा ओळखता येत नाही. म्हणून मध्यम आणि सुमार नाणी बेफाम वाढतात. वरच्या पायरीवर जुनेच आठ-दहा लोक असतात, त्यांचं बजेट एका रात्रीत पाचपट होत नाही. म्हणजे चांगल्या आणि बऱ्या नाण्यातलं अंतर कमी होतं, आणि घ्यायचंच असेल तर चांगलं घ्यायची हीच वेळ असते. हे बोलायला सोपं, करायला अवघड, कारण चांगल्याला रक्कम मोठी लागते, ३०-४० हजार एकदम काढताना हात थरथरतो आणि साडेनऊ हजार सहज जातात.

मग शिवराई होन आला. सोन्याचा, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजन, करंगळीच्या नखाएवढा. गडांच्या पायथ्याशी पितळी होन सगळ्यांनी बघितलेत, खरा समोर बघायला मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. लिलावकर्ता एक क्षण थांबला, पाणी प्यायला, आणि बोली सुरू झाली तीच लाखात. फोनवर तिघं, हॉलमध्ये एक. मोबाईलवर शूटिंग करायला लोक उभे राहिले, मागून कोणीतरी "खाली बसा ओ" ओरडलं. फोनवाल्याला गेला. हॉलमध्ये टाळ्या, मागे एकाने जय भवानी म्हटलं, त्याला सगळ्यांनी साथ दिली, आणि मग निम्मा हॉल चहाला बाहेर पडला.

मला हेच पाहिजे होतं. माझा लॉट होनाच्या पुढे सातवा. लिलावातलं एक जुनं गणित आहे, मोठ्या लॉटनंतर आणि जेवणाच्या वेळेला हॉल रिकामा होतो, व्यापारी बाहेर उभे राहून होनावर गप्पा मारत असतात. ऑनलाइनवाले मात्र कुठे जात नाहीत, ते बसलेले असतात, हा हल्लीचा त्रास.

अंकुशी पडद्यावर आला. पडद्यावर तर फोटोपेक्षाही काळा दिसत होता. सुरुवात १२,००० ला, पुस्तकात १६,००० ची बोली होतीच, म्हणजे एकदम तिथून पुढे. ऑनलाइन १७. फोन १८. मी अजून पाटी खालीच ठेवली होती. काही लोक सुरुवातीपासून बोलतात, मला वाटतं त्याने समोरच्याला चेव येतो, आधी किती जण आहेत ते कळू दे. १९, २०. २०,००० च्या पुढे पायरी दोन हजारांची. ऑनलाइन २२. फोन बराच वेळ विचार करून २४. ऑनलाइन २६. फोनवाली मुलगी कानाला हात लावून कुजबुजली आणि मान हलवली, नाही. म्हणजे एकच राहिला. लिलावकर्ता "२६,००० एकदा" म्हणाला तेव्हा मी पाटी वर केली, २८. इथे पायरीचं गणित महत्त्वाचं होतं, समोरचा ३० म्हणाला असता तर मला ३२ बोलता आलं असतं, ती माझी शेवटची पायरी, आणि तो एकदम ३२ म्हणाला असता तर मी संपलो. म्हणजे कोण कुठल्या आकड्यावर उभा राहतो त्यावरसुद्धा नाणं जातं किंवा येतं. पडद्यावर काही सेकंद काहीच नाही. ऑनलाइनला थोडा उशीर होतो म्हणून लिलावकर्ता मुद्दाम थांबतो, ते थांबणं फार वाईट असतं. मग त्याने स्क्रीनकडे बघितलं, परत माझ्याकडे, "एकदा, दोनदा", हातोडा. २८,०००. माझ्या हिशोबाने सगळं मिळून पस्तीस, प्रत्यक्षात त्याच्याही थोडं खालीच आलं.

काका म्हणाले, "स्वस्त पडलं." मला स्वस्त वाटलं नाही, पण बरोबर वाटलं. त्याच दुपारी टांकसाळीचं नाव अर्धं कापलेला दुसरा एक अंकुशी, पांढराशुभ्र घासलेला, १७,००० ला गेला. अकरा हजारांचा फरक आणि दोन नाण्यांत जमीन-अस्मानाचा.

काउंटरवर पैसे भरायला रांग होती. एनईएफटी केलं, बिलावर लॉट नंबर, वजन आणि फोटो छापून घेतला, हे बिल नाण्याइतकंच जपायचं, उद्या विकायचं झालं तर हाच त्याचा जन्मदाखला. रांगेतच एक व्यापारी आला, आधी हवापाण्याच्या गप्पा, मग म्हणाला चार हजार वर देतो, इथल्या इथे. म्हणजे पडद्यावरचा ऑनलाइनवाला त्याचाच गिऱ्हाईक असावा. मी नाही म्हटलं. मग पाच. नाही. तो हसून कार्ड देऊन गेला.

घरी आल्यावर दोन कामं. एक, लिलावघराच्या प्लॅस्टिक पाकिटातून नाणं काढून नीट होल्डरमध्ये घालणं, कारण साध्या पीव्हीसीच्या पाकिटात नाणं वर्षानुवर्षं राहिलं की त्यावर हिरवट चिकट थर येतो. दोन, न्यू जर्सीच्या चुलत भावाला समजावणं. त्याला फोटो पाठवला तर म्हणतो मार्चमध्ये येतोय, मला एक असंच घेऊन ठेव, मी नेतो. नेता येत नाही रे बाबा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, ते देशाबाहेर नेता येत नाही, कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. त्याने इथे घेऊन इथेच ठेवलं तर चालेल, आईच्या कपाटात. तो विचार करतो म्हणाला.

परवा पुढच्या लिलावाचा कॅटलॉग आलाय. त्यात तीन अंकुशी आहेत, तिन्हींवर मुहियाबाद कापलेलं, एकाला कडी काढल्याची खूण फोटोतच दिसतेय, आणि एस्टिमेट छापलंय २०,००० ते २५,०००. मागच्या लिलावाचे भाव बघून लिहिलेलं दिसतंय, त्यात माझ्या २८,००० चाही हात असणारच. यातलं एकही घेणार नाही. त्याच कॅटलॉगमध्ये मागच्या पानांवर, ढब्बू पैशांच्या खाली, एक मिरज टांकसाळीचा रुपया आहे, फोटो अगदी काळा, वर्णनात दोनच ओळी. तो बघायला जातोय.